ढेलजेपर्यंतचा पाहुणा

परदेशात गेलेला पर्यटक त्या मुलखाचा पाहुणा असतो, आणि पाहुण्याने घरात कुठवर यायचे हे यजमान ठरवतो. मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांत हा नियम बांधणीतच दिसतो. धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीच्या परिसरात ज्यांनी माळवदी वाडे पाहिले आहेत, त्यांना ढेलज ठाऊक असते. दिंडी दरवाजातून आत शिरले की आधी लागते ती ढेलज. तिथे कोणीही टेकावे, तांब्याभर पाणी मागावे, निरोप सांगावा. तिथून पुढे चौक, मग ओसरी, मग माजघर आणि सगळ्यात आत देवघर. कुठवर कोणी जायचे याची पाटी कुठेच लावलेली नसते, तरी चपला कुठे काढायच्या आणि कुठे थबकून हाक मारायची, हे गावच्या पोरालाही कळते. परमुलखात ही जाण एकाएकी निकामी होते. ढेलज कुठे संपली आणि देवघर कुठे लागले, हे परक्याला दिसत नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये भूतानमध्ये घडलेला प्रसंग याचा ठळक नमुना आहे. थिंफूहून पुनाखाकडे जाताना दोचुला नावाची खिंड लागते. तिथल्या टेकाडावर पांढऱ्या भिंतींचे १०८ चोर्तेन ओळीने उभे आहेत. महाराष्ट्रातून मोटरसायकलींवर गेलेल्या एका गटातला पर्यटक शिडीच्या आधाराने त्यांतल्या एका चोर्तेनच्या माथ्यावर चढला आणि त्याने फोटो काढून घेतला. फोटो समाजमाध्यमांवर फिरला, भूतानमध्ये संतापाची लाट उठली, पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले. त्याने लेखी माफी मागितली आणि त्याची सुटका झाली.

चोर्तेन म्हणजे स्तूप. त्याच्या पोटात धर्मग्रंथ, पवित्र अवशेष आणि मंत्र लिहिलेला लाकडी खांब ठेवून विधिपूर्वक तो बंद करतात. नंतर त्याला प्रदक्षिणा घालतात, तीही उजवी बाजू त्याच्याकडे ठेवून. दोचुलाचे चोर्तेन तर स्मारकही आहेत. डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या सैन्याने आपल्या दक्षिण सीमेवरच्या जंगलांतून आसाम भागातल्या सशस्त्र बंडखोरांचे तळ उठवले. त्यात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ राजमातांपैकी एक, आशी दोर्जी वांगमो वांगचुक यांनी ते बांधवून घेतले. म्हणजे भारताची डोकेदुखी कमी करणाऱ्या मोहिमेत पडलेल्यांचे ते स्मारक होते. माथ्यावर चढणाऱ्याला यातले काहीही ठाऊक नसावे. त्याला दिसली ती एक देखणी पांढरी चौकोनी इमारत, आणि मागे हिमालय.

नवल असे की स्तूप ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही, धाराशिव जिल्ह्याला तर नाहीच. तेरचे त्रिविक्रम मंदिर मुळात विटांचे बौद्ध चैत्यगृह असावे असे त्याच्या अर्धगोल पाठीवरून अभ्यासक मानतात. धाराशिव शहराजवळच्या लेण्यांचा आरंभही बौद्ध परंपरेत झाला असे मानले जाते; पुढे त्या जैनांकडे आल्या. पण इथला स्तूप बहुतांशी पुरातत्त्वाचा विषय झाला आहे, भूतानात तो चालता-बोलता देव आहे. एकच आकार एका देशात जुनी वास्तू आणि दुसऱ्या देशात देवघर असतो. नेमकी अशीच जागा पर्यटकाला फसवते. पूर्ण अनोळखी वस्तूपुढे माणूस सावध असतो. ओळखीची वाटणारी वस्तू त्याला बेसावध गाठते.

यजमानाची बाजू समजून घ्यायला बेंबळीकराला लांब जावे लागत नाही. तुळजापूर जवळच आहे. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. शारदीय नवरात्राच्या आधी देवी मंचकी निद्रा घेते, म्हणजे सिंहासनावरून उचलून मूर्ती पलंगावर निजवतात. परदेशी पाहुणा नेमका त्या दिवसांत आला, तर रिकामे सिंहासन पाहून तो बुचकळ्यात पडेल, आणि पलंगाचा फोटो घ्यायला पुढे सरसावला तर सेवेकरी त्याला हटकतील. त्यात पाहुण्याचा हेतू वाईट नाही आणि हटकणारेही हटवादी नाहीत. मे २०२३ मध्ये याच मंदिरात तोकड्या कपड्यांतल्या भाविकांना प्रवेश नाही अशा अर्थाचे फलक लागले आणि टीका होताच उतरवलेही गेले. म्हणजे खुद्द यजमानांतही नियमावर एकमत असतेच असे नाही. पण तो वाद घरातल्यांनी घालायचा असतो. बँकॉकच्या राजवाड्याच्या दारात किंवा व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स बॅसिलिकासमोर खांदे आणि गुडघे झाकायला सांगितले, तर त्या नियमाची मीमांसा रांगेत उभे राहून करण्याचा अधिकार पाहुण्याला नाही. पिशवीत एक पातळ ओढणी किंवा उपरणे असले की प्रश्न मिटतो. धाराशिवच्या हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाजी दर्ग्यात जाताना डोक्याला रुमाल बांधायची सवय असलेल्याला हे सांगायलाही नको.

काही दारे पाहुण्याला उघडतच नाहीत. मक्केत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. काठमांडूच्या पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात हिंदू सोडून इतरांना जाता येत नाही. भारतीय हिंदू पर्यटक तिथे सहज आत जातो, म्हणून बाहेर थांबणाऱ्याला काय वाटते याचा अनुभव त्याला फारसा नसतो. ऑस्ट्रेलियातला उलुरू हा प्रचंड तांबडा खडक तिथल्या अनंगू लोकांना पवित्र आहे. त्यांनी वर्षानुवर्षे ‘कृपया चढू नका’ अशी विनंती केली, तरी लोक चढतच राहिले. अखेर २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायद्याने बंद झाली. बंदी लागू होण्याआधीच्या दिवसांत चढणाऱ्यांच्या रांगा लागल्या होत्या. विनंती आणि मनाई यांतले अंतर ज्याला कळते तो पाहुणा, आणि मनाई होईपर्यंत जो थांबत नाही तो नुसता ग्राहक, असा भेद उलुरूवर करता येतो.

दृश्याचा अर्थ चुकीचा लावणे ही आणखी एक खोड. तुळजापूरच्या वाटेवर गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात परडी घेतलेल्या आराधिणी पाच घरी जोगवा मागतात. बाहेरच्या माणसाला ती भीक वाटते. खरे तर चांगल्या खात्यापित्या घरची बाईही जोगवा मागते, कारण मागणे हाच तिथे विधी असतो; देणारी आणि मागणारी दोघी देवीच्या लेकी. लाओसमधल्या लुआंग प्राबांगच्या रस्त्यांवर पहाटे असेच दृश्य दिसते. केशरी चीवरातले भिक्खू अनवाणी, ओळीने, न बोलता चालत येतात आणि बाया-बाप्ये गुडघे टेकून त्यांच्या पात्रात चिकट भाताचा घास ठेवतात. भिक्खू आभार मानत नाहीत, कारण पुण्य देणाऱ्याला लाभते. पर्यटकांनी या फेरीत फ्लॅश चमकवले, भिक्खूंच्या तोंडापुढे कॅमेरे धरले, नुसत्या फोटोसाठी भात विकत घेऊन रांगेत बसले. आता तिथे सूचना लावलेल्या असतात: अंतर ठेवा, खांदे झाका, फ्लॅश नको, भिक्खूंपेक्षा उंच उभे राहू नका. जोगव्याच्या परडीत कॅमेरा घालणाऱ्या परक्याबद्दल जे वाटेल, तेच तिथल्या आजीला वाटते.

फोटोचा प्रश्न अलीकडे देवळांपुरता उरलेला नाही. क्योतोच्या गिओन भागात गेइकोंच्या, म्हणजे तिथल्या गेइशांच्या, मागे धावणारे, त्यांच्या किमोनोला हात लावणारे पर्यटक इतके वाढले की २०२४ मध्ये तिथल्या खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद झाल्या; आत शिरल्यास १०,००० येन दंडाची पाटी लागली. त्याच वर्षी मे महिन्यात फुजी पर्वताच्या पायथ्याशी फुजिकावागुचिको गावाने एका दुकानासमोर काळी जाळी ताणून पर्वताचे दृश्यच झाकले, कारण फोटोसाठी लोक रस्त्यात उभे राहत आणि शेजारच्यांच्या आवारात घुसत. पर्वत झाकावा लागणे ही त्या गावाचीही हौस नव्हती. दुबईत अनोळखी माणसाचा, विशेषतः स्त्रीचा, संमतीवाचून काढलेला फोटो खासगीपणाच्या कायद्यात गुन्हा ठरू शकतो. लहान मुलांच्या बाबतीत मराठी माणसाला वेगळी काळजी घ्यावी लागते. परक्या पोराचा गालगुच्चा घेणे, डोक्यावरून हात फिरवणे हे इथे कौतुक; अमेरिकेत मुलाची आई धसकते, आणि थायलंडमध्ये डोके हा शरीराचा सर्वांत पवित्र भाग मानतात, त्याला परक्याने हात लावू नये. पाय तितकेच खालचे. बुद्धमूर्तीकडे तळवे करून बसणे तिथे फार वाईट दिसते. तुळजापूरच्या पायऱ्यांवर देवीकडे पाय पसरून बसणाऱ्याला म्हातारी माणसे जे बोलतील, त्यातला एक शब्दही तिथे बदलावा लागणार नाही.

जुन्या वास्तूंच्या बाबतीत मात्र मराठी पर्यटकाने घरचा हिशेब आधी पाहिलेला बरा. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकानयन-पुस्तिकेत तगरहून भडोचच्या बंदराकडे कापड जात असल्याची नोंद आहे. तेरला सापडलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईच्या अवशेषांत मिळालेल्या भारतीय मूर्तीशी जवळचे साम्य दाखवते. पाँपेईतून खडे, फरशीचे तुकडे उचलून नेणाऱ्या पर्यटकांची संख्या मोठी. त्यांतले काही जण पुढे ते तुकडे क्षमापत्रासह टपालाने परत पाठवतात. जून २०२३ मध्ये रोमच्या कोलोसियमच्या भिंतीवर एका पर्यटकाने किल्लीने आपले आणि मैत्रिणीचे नाव कोरले. पकडला गेल्यावर त्याने माफीच्या पत्रात लिहिले, की ही वास्तू इतकी प्राचीन असल्याचे आपल्याला ठाऊक नव्हते. यावर हसणाऱ्याने एकदा आपल्याकडच्या किल्ल्यांचे आणि लेण्यांचे चुन्याचे गिलावे पाहून यावे. बाण मारलेल्या बदामांची तिथेही कमी नाही. फरक इतकाच की इटलीत त्यासाठी हजारो युरो दंड आणि तुरुंगवासही होऊ शकतो.

खाण्यापिण्यावरून होणारी शोभा त्यामानाने किरकोळ, पण बभ्रा तिचाच जास्त होतो. जुलै २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ग्स्टाडच्या एका हॉटेलाने खास भारतीय पाहुण्यांना उद्देशून लावलेली सूचना भारतात गाजली: न्याहारीच्या बुफेतून पदार्थ बरोबर नेऊ नयेत, डबा हवा असल्यास पैसे भरून मागावा, बाल्कनीत आणि मार्गिकांत हळू बोलावे. एका देशाचे नाव घेऊन लिहिणे गैरच होते, आणि टीका झाल्यावर हॉटेलाला सारवासारव करावी लागली. तरी सूचनेमागचे कारण खोटे नव्हते. महाराष्ट्रात पाहुण्याला निघताना शिदोरी बांधून देतात. लग्नाच्या पंगतीनंतर उरलेल्या बुंदीचे पुडे घरोघर जातात. ज्या घरी पोटभर वाढले तिथून वाटेसाठी दोन पोळ्या घेणे हे चोरी वाटतच नाही, उलट न घेणे हा यजमानाचा अपमान. हॉटेलातली न्याहारी मात्र ताटापुरती विकलेली असते. तिथे यजमान नसतो, दुकानदार असतो. संत्रे खिशात घालणाऱ्या काकूंना हा फरक कोणी समजावून सांगितलेला नसतो, आणि सहल कंपनीचा टूर मॅनेजर भिडेपोटी गप्प बसतो.

उलट बाजूही आहे. यजमानाचा मान राखायचा म्हणजे आपले सोडायचे असे नाही. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबात राहिल्या, साडी नेसल्या, शाकाहार पाळला. आणि त्या कुटुंबाशी त्यांचे नाते अखेरपर्यंत जिव्हाळ्याचे राहिले. नकार देण्याच्या पद्धतीवर सारे अवलंबून असते. समोर आलेल्या ताटाकडे पाहून नाक मुरडणे, ‘यात काय काय घातलंय’ म्हणून मराठीत हसणे, हे भाषा न कळताही कळते. आधी सांगून ठेवलेला शाकाहार कोणालाच खटकत नाही. जपानमध्ये मात्र माशाचा अर्क अगदी साध्या रश्शातही असतो, हे धरून चालावे, आणि त्यावरून वाढप्याशी हुज्जत घालू नये. त्याच जपानमध्ये बक्षिशी ठेवली तर वाढपी ती परत द्यायला मागे धावत येतो. अमेरिकेत ती १५ ते २० टक्के न ठेवणे म्हणजे त्याची मजुरी बुडवणे, कारण त्याच्या पगारात ती धरलेलीच असते. घासाघीसही अशीच: बँकॉकच्या रस्त्यावरच्या बाजारात ती चालते, टोकियोच्या दुकानात ती विक्रेत्याला ओशाळवाणे करते.

आवाजाचे माप देशोदेशी वेगळे. जपानी रेल्वेत फोनवर बोलत नाहीत. डब्यात मराठी गटाच्या गाण्याच्या भेंड्या सुरू झाल्या तर कोणी काही म्हणणार नाही, फक्त शेजारची माणसे उठून दुसऱ्या डब्यात जातील. बालीचे उदाहरण मराठी वाचकाला आणखी जवळचे. तिथले हिंदू शक कालगणना मानतात आणि त्यांचा वर्षारंभ, न्येपी, अनेकदा गुढीपाडव्याच्या आसपास येतो. २०२३ मध्ये तर दोन्ही सण २२ मार्च या एकाच दिवशी आले. महाराष्ट्रात त्या दिवशी शोभायात्रा आणि ढोल-ताशे असतात. बालीत संपूर्ण बेट २४ तास गप्प बसते. दिवे मंद, चूल बंद, रस्ते ओस; विमानतळसुद्धा बंद. पर्यटकालाही हॉटेलाबाहेर पडता येत नाही, आणि पेचालांग म्हणून ओळखले जाणारे गावरक्षक गस्त घालतात. आपल्याच शकाचा पहिला दिवस दुसऱ्याने शांततेत साजरा करावा, हे पाहण्यासारखे आहे. त्यासाठी सहल एक दिवस वाढवावी लागली तरी हरकत नाही. बालीच्या रस्त्यांवर रोज सकाळी ठेवलेल्या पानाच्या छोट्या द्रोणांवर, फुले आणि तांदूळ असलेल्या चानांग सारीवर, पाय पडू नये. दारातली रांगोळी जशी ओलांडून जातात, तसे जावे.

रिवाज मोडला तर लोक नाराज होतात. कायदा मोडला तर तुरुंग असतो, आणि तिथे ‘माहीत नव्हते’ हा बचाव चालत नाही. थायलंडच्या दंडसंहितेतले कलम ११२ राजघराण्याच्या अवमानाला ३ ते १५ वर्षांची शिक्षा देते. तिथल्या नोटांवर राजाची छबी असते, त्यामुळे वाऱ्याने उडालेली नोट पायाखाली दाबून थांबवणे हा तिथे अवमान. श्रीलंकेतून २०१४ मध्ये एका ब्रिटिश पर्यटक स्त्रीला दंडावर गोंदलेल्या बुद्धामुळे परत पाठवण्यात आले. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढण्यावरही तिथे हरकत घेतली जाते. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीला कळवण्याचा हक्क आहे, पण वकिलात स्थानिक कायदा थांबवू शकत नाही. पॅसिफिकमधल्या पलाऊ या चिमुकल्या देशाने २०१७ पासून वेगळाच उपाय काढला: येणाऱ्याच्या पासपोर्टवर तिथल्या मुलांना उद्देशून केलेल्या प्रतिज्ञेचा शिक्का मारतात आणि त्याखाली पाहुण्याने सही करायची.

भाषेबद्दल फार बोलायला नको. नमस्कार, आभार, क्षमा करा आणि किती पैसे, एवढे चार शब्द त्या भाषेतले आले तरी दारे अर्धी उघडतात. चूक झालीच तर वाद न घालता लगेच माफी मागणे सर्वत्र चालते.

सामानाची गोष्ट मात्र तपशिलाने सांगायला हवी, कारण मराठी माणूस परदेशी निघाला की घरचे त्याच्या पिशवीत काय काय कोंबतात याला धरबंध नसतो. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, सिंगापूरमध्येही. अफूच्या झाडाचे बी म्हणून. दुबईतल्या लेकासाठी दिवाळीत पाठवलेल्या अनारशांवर खसखस असते, डिंकाच्या लाडवांत ती असते, मराठवाडी काळ्या मसाल्यात ती भाजून कुटलेली असते. सिंगापूरला गुटखा, खैनी, मावा नेता येत नाही. खोकल्याची किंवा दुखण्याची साधी वाटणारी काही औषधेही अमिरातीत नियंत्रित आहेत. डॉक्टरची चिठ्ठी आणि आवश्यक तिथे पूर्वपरवानगी लागते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांना आपल्या गाई-मेंढ्यांना आणि फळबागांना बाहेरून रोग येण्याची धास्ती असते, म्हणून तिथे बिया, फळे, लोणची, मध, दुधाचे पदार्थ सगळे उतरण्यापूर्वीच्या अर्जात जाहीर करावे लागते. धाराशिव जिल्ह्यातून जाणाऱ्याच्या पिशवीत कुंथलगिरीच्या खव्याचे पेढे असायचेच. तुळजापूरच्या कवड्यांची माळही जाहीर करण्याच्या वस्तूंत येते, कारण कवडी हे सागरी प्राण्याचे कवच. लपवलेला डबा क्ष-किरण यंत्रात सापडला तर न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो. जाहीर केलेल्या पेढ्यांना दंड नाही; अधिकारी डबा उघडून पाहतो, चालण्यासारखे असेल तर परत देतो, नसेल तर शेजारच्या पिंपात टाकतो.